दोन पानें, चार आवाज

संसार म्हणजे एक सुरेल संगीत होय, असें मंगलाष्टकांपासून षष्ट्यब्दीच्या भाषणांपर्यंत आपण सारेच ऐकत आलों आहों. आम्हींहि तें वाक्य या पानांवर एकदां नव्हे, दहादां लिहिलें असेल. परंतु त्याचा अर्थ आम्हांस खरोखर ठाऊक होता काय, अशी शंका गेल्या नाताळांतील एका सायंकाळीं मनांत उत्पन्न झाली. ती कशी, हें आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्या विवाहास ४० वर्षें झालीं, त्या निमित्तानें चिरंजीवांनीं व सूनबाईंनीं आम्हां उभयतांस एक सायंकाळच भेट म्हणून दिली. आधीं मुंबईच्या कोटांतील एका उंची उपाहारगृहांत भोजन, आणि मागाहून नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्टस् या संस्थेच्या नाट्यगृहांत पाश्चात्य समूहगायन, असा बेत होता. “तिथलं पोटाला लागलं नाहीं तर?” म्हणून सौभाग्यवतीनें निघतांना घरीं भाजी झांकून ठेवली होती. एवढ्यावरून आमचा या मार्गांतील अनुभव वाचकांच्या ध्यानीं येईल.

उपाहारगृहांत पांढरें स्वच्छ वस्त्र घातलेलें टेबल होतें, आणि चमचे व कांटे इतके कीं कोणता केव्हां उचलावा हा प्रश्नच पडावा. परंतु आमचें लक्ष वेधलें तें वाढपाच्या रीतीनें. दोन वाढपी दोन बाजूंनीं आले आणि त्यांनीं दोघांच्या ताटल्या एकाच क्षणीं पुढें ठेविल्या. एका टेबलावरील सर्वांस एकदमच वाढावें, हा अशा ठिकाणच्या सेवेचा दंडकच असतो. सौभाग्यवतीनें सूपाचा एक चमचा घेतला आणि ती थांबली.

“कां? आवडलं नाहीं?” आम्हीं विचारलें.

“आवडलं ना. ऊन आहे.”

“सूप ऊनच असायचं.”

“तुमचं असतं,” ती हंसून म्हणाली.

त्या हंसण्यांत रोषाचा लेशहि नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. मनांतल्या मनांत हिशेब करूं लागलों. आमच्या घरीं फुलका तव्यावरून थेट पानांत पडतो. पूर्वीं आधीं तीर्थरूपांच्या, मग आमच्या, मग मुलांच्या, मग मातुःश्रींच्या. सर्वांचें झाल्यावर, तवा उतरवून, ओटा पुसून, ती बसावयाची. वडील माणसें गेलीं, घरांत गॅस आला, मिक्सर आला. सूनबाईंनीं अनेकदां “आई, बसा ना” म्हणून पाहिलें. पण क्रम मोडला नाहीं. स्त्रियांच्या समान हक्कांविषयीं याच स्तंभांतून आम्हीं पुष्कळ लिहिलें आहे. ते लेख बहुधा रात्रीच्या जेवणानंतर, सुपारी कातरीत, लिहिलेले आहेत. त्या वेळीं स्वयंपाकघरांत कोण निवालेली आमटी घेऊन बसलें होतें, हें पाहण्यास आम्ही कधीं उठलों नव्हतों.

अशा मनःस्थितींत आम्ही गायनास गेलों. हॅन्डेल या जर्मन संगीतकारानें इंग्लंडांत वास्तव्य करून रचिलेल्या ‘मसाया’ या कृतींतील निवडक भाग त्या दिवशीं होते. ही कृति त्यानें १७४१ सालीं अवघ्या २४ दिवसांत लिहिली, आणि तिचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. श्रोते दाटीवाटीनें बसावे म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्याखालील कडीं व पुरुषांनीं तरवारी घरीं ठेवून यावें, अशी विनंति तेव्हां करण्यांत आली होती. तें उत्पन्न दोन रुग्णालयांस व कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्यांस मिळालें, आणि १४२ कैदी सुटले. एका गायनानें इतक्या घरांत चूल पेटल्याची उदाहरणें थोडींच असतील.

आपल्याकडे अनेकांनीं मिळून गाण्याची चाल नाहीं असें नाहीं. घरची आरती आहे, दिंडींतील अभंग आहेत. परंतु तेथें शंभर कंठ असले तरी चाल एकच असते. या समूहगायनांत तसें नसतें. त्यांत चार गट असतात: उंच स्त्रीस्वरांचा सोप्रानो, खालच्या स्त्रीस्वरांचा आल्टो, उंच पुरुषस्वरांचा टेनर आणि खर्जाचा बेस. चौघांच्या चाली निराळ्या, आणि तरी त्यांचा मेळ एक.

“यांत मुख्य कोण?” सौभाग्यवतीनें हळूच विचारलें. मग थोड्या वेळानें म्हणाली, “त्या मधल्या बायका काय गातात तें वेगळं ऐकूंच येत नाहीं हो.” त्या आल्टो होत्या. मधला स्वर श्रोत्याच्या कानीं निराळा सहसा येत नाहीं. मात्र तो काढून घेतला तर सारी इमारत पोकळ वाटूं लागते. आम्हांस तत्काळ एक उपमा सुचली: आल्टो म्हणजे आमची गृहिणी! या स्तंभास विषय मिळाला, आणि मघांच्या टोंचणीवर औषधहि मिळालें, असें वाटून आम्ही खुर्चींत सुखानें टेकलों.

तें सुख हॅन्डेलनें फार वेळ टिकूं दिलें नाहीं. ‘हालेलुया’च्या वेळीं रिवाजाप्रमाणें अनेक श्रोते उभे राहिले. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला होता अशी कथा सांगतात. समकालीन पुरावा मात्र सांपडत नाहीं. आरतीस उभें राहण्याची संवय असल्यानें आम्हांस अवघड वाटलें नाहीं. पण शेवटचें ‘आमेन’ आलें, आणि आमची उपमा कोसळली. तेथें एकच शब्द, एकच स्वरवाक्य. तें प्रथम बेस गातो, मग टेनर, आणि मग तेंच वाक्य तितक्याच ठसक्यानें आल्टो उचलते. त्यानंतर सोप्रानो. मधल्या आवाजास जन्मभर मधेंच बसवून वर त्याची स्तुति गावी, असें त्या रचनाकारानें केलें नव्हतें. आम्हीं मात्र तेंच योजिलें होतें.

घरीं परतण्यास रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या करून डब्यांत ठेवावयाच्या आणि सर्वांनीं एकदम बसावयाचें, असें ठरलें. आरंभीं सौभाग्यवतीस बसवेना. दर दोन घासांस ती मीठ आणावयास उठे. मीठ जवळ ठेविलें तर पाणी आणावयास उठे. तें उठणें आतां आमच्याकडे आलें आहे. तव्यावरचा टम्म फुगलेला फुलका आम्हांस अंतरला, आणि त्याची चुटपुट अजून लागते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या वाचकबंधूंस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं ती चुटपुट आधींच हिशेबांत धरावी.

रविवारीं मात्र तव्यापाशीं आम्ही स्वतः उभे राहतों. आमच्या पोळ्या कोणत्या देशाच्या नकाशाप्रमाणें होतात, यावर पंगतींत वाद चालतो. त्या चवीला कशा असतात हें विचारूं नये. इतरांच्या पानांत त्या ऊन पडतात. आमची पाळी येईतों त्या निवालेल्या असतात.