मेमरी भरून मिळेल

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा. यातल्या कुठल्याही एसटी स्टँडाबाहेर दहा-पंधरा वर्षांपूर्वी एक तरी मोबाईलचं दुकान असं असायचंच, ज्याच्या काचेवर कागद चिकटवलेला असे: ‘मेमरी भरून मिळेल’. आत एक जुनाट कॉम्प्युटर, त्याला लोंबकळणारे दोन-तीन कार्ड रीडर आणि प्लास्टिकच्या खुर्चीत विशीतला एक पोरगा. गिऱ्हाईक मोबाईलचं मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायचं आणि नखाएवढं कार्ड त्याच्या हातावर ठेवायचं. “काय टाकू, माउली?” “टाक चांगलं बघून.” या तीन शब्दांवर आंबेगाव आणि जुन्नर या आपल्या दोन तालुक्यांची निम्मी करमणूक चालत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

त्या पोरग्याचं काम बाहेरून दिसायचं तेवढं सोपं नव्हतं. एक पिच्चर म्हणजे व्हीसीडीच्या दोन तबकड्या, एकेक सातशे एमबीच्या आसपास. तो जसाच्या तसा नोकियाच्या साध्या मोबाईलमध्ये टाकला तर ‘फाईल सपोर्ट करत नाही’ एवढंच उत्तर मिळे. मग कन्व्हर्टर लावायचा, चित्र तळहाताएवढ्या पडद्याच्या मापात बसवायचं, थ्रीजीपी नाहीतर एमपीफोर करायचं. अडीच तासांचा पिच्चर शे-दीडशे एमबीत कोंबला की माणसांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांचे व्हायचे, पण आवाज ठणठणीत असायचा, आणि आपल्याकडे पिच्चर निम्मा ऐकायचाच असतो. रूपांतराला वेळ फार लागे, म्हणून रात्री शटर ओढताना कन्व्हर्टर चालू ठेवून जायचं. एकदा फाईल तयार झाली की ती हव्या तितक्या कार्डांवर ‘मारायची’.

शिवाय मोबाईल ओळखावा लागे. चायना मोबाईलला मागे चार-चार स्पीकर, त्यामुळे त्यात गाणी जास्त टाकायची. (आयएमईआय नंबर नसलेले असे मोबाईल 2009च्या नोव्हेंबरअखेर सरकारनं बंद करायला लावले, तेव्हा बाजारच्या दिवशी दुकानांसमोर केवढी तक्रार झाली होती! नंबर घालून देणारेही लगेच उगवले.) मुंबईला कामाला असलेल्या पोराला साऊथचे डब पाहिजेत, कांदा घेऊन मंचरला आलेल्या शेतकऱ्याला दादा कोंडके, वारीला जाणाऱ्या आजींना कीर्तन आणि गवळणी. कॉम्प्युटरवर फोल्डरच तसे असत. एक फोल्डर मात्र याच पट्ट्यात हमखास सापडायचं: ‘तमाशा’. त्याच्या शेजारी ‘बैलगाडा’.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसून भाव ठरतो, सुपारी दिली जाते आणि चैत्र-वैशाखाच्या तारखा भरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. 2002च्या जानेवारीत त्या गेल्या, म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघण्याचं युग त्यांनी पाहिलंच नाही. तरी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची फर्माईश असायची, “विठाबाईचं काही असलं तर बघ.” असलं तर ते कॅसेटवरून उतरवलेलं खरखरणारं गाणं असे, चित्र क्वचितच. नंतरच्या फडांची वगनाट्यं मात्र व्हीसीडीवर आली आणि तिथून कार्डावर. पिच्चर मुंबईहून यायचा. तमाशा इथलाच, इथल्याच दुकानात दळून इथल्याच खिशात जायचा.

यात एक गोष्ट बोचते, ती सांगून टाकतो. कार्ड भरणाऱ्या पोराला दहा-वीस रुपये मिळत, कार्ड विकणाऱ्याला मिळत, मोबाईल कंपनीला मिळत. ज्या बाईनं रात्री दीड वाजता थंडीत बोर्डावर उभं राहून वग रंगवला, तिला त्यातला एक पैसाही पोचत नसे. पुढे तर प्रेक्षकच पहिल्या रांगेत हात उंच करून शूटिंग करू लागले. सकाळी फडाचा ट्रक पुढच्या गावाला निघायच्या आत कालचा वग चार वाड्यांवर फिरलेला असे. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं कोरोनानं यात्रा बंद पडल्या. लोकांनी घरात बसून मोबाईलवर तमाशा पाहिला आणि तमाशा कलावंत कर्जात बुडाले. कॉपीराइटचा 1957चा कायदा सहा महिने ते तीन वर्षं कैद सांगतो, पण तो कायदा सिनेमावाल्यांच्या तक्रारीवर हलतो. फडमालक कुठे तक्रार करणार?

सिनेमाची चोरी ही चोरीच होती, तिला मी गोंडस नाव देणार नाही. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016ला लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती हिंडू लागल्याची ओरड झाली. मात्र डिंभे धरणाच्या वर राहणाऱ्या माणसाला थिएटर किती लांब, तिथून रात्रीची परतीची एसटी कुठली, हेही बघायला हवं. त्याच्यासाठी पूर्वी यात्रेतला तंबू होता. टुरिंग टॉकीजचा ट्रक यायचा, कनात लागायची, मधे पडदा, दोन्ही बाजूंना माणसं. उलट्या बाजूला बसलेल्याला नावं उलटी वाचावी लागत. ती टॉकीज मरताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपली. 2016 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. तंबू उठला आणि त्याची जागा घ्यायला गावात थिएटर आलं नाही, कार्ड आलं.

बैलगाडा शर्यतीची गोष्ट वेगळी. तिथे चोरी कुणाचीच नव्हती, शूटिंग गाडामालकच करून घ्यायचा. चार बैल, पुढे घोडी, घाटात निशाण पडेपर्यंत मोजून काही सेकंदांची बारी. फाईल एवढीशी, कार्डात शंभर बसतील. 7 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि 16 डिसेंबर 2021ला परवानगी दिली. 18 मे 2023ला शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा न्यायालयानं कायम ठेवला. मधल्या साडेसात वर्षांत घाट गवतानं भरले, दावणीचे बैल विकले गेले, पण बाऱ्या कार्डांत शिल्लक राहिल्या. बंदीच्या काळात मिसरूड फुटलेल्या पोरांनी शर्यत म्हणून जे पाहिलं ते बापाच्या मोबाईलमधलं. पुन्हा घाट सुरू झाले तेव्हा कुठला बैल कुणाच्या वेताचा हे त्यांना तोंडपाठ होतं. शर्यत असावी की नसावी यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. पण एखादा खेळ साडेसात वर्षं नुसत्या नकलांवर तगून राहतो, हे एरवी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग 5 सप्टेंबर 2016 उजाडला. जिओनं डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त केला, आणि ‘मेमरी भरून मिळेल’च्या जागी ‘रिचार्ज’ आणि ‘स्क्रीनगार्ड’ आलं. त्याच वर्षी, 19 ऑक्टोबरला, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनं मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘स्कियापरेली’ या युरोपीय यानाचा क्षीण संदेश पकडला. जुन्नर तालुक्याची ही गंमत आहे. खोडदला आणि त्याच्या आजूबाजूला पसरलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून, शेजारी आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून उपग्रह केंद्र, आणि याच तालुक्यात पिच्चर मात्र एसटीतून, खिशातल्या कार्डावर बसून घाटघरला जात होता. दुर्बिणीसाठी ही जागा निवडली तीच मुळी इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून. आपल्याला रेंज हवी, तिला शांतता!

रेंज आली तीही सगळीकडे सारखी नाही. हायवेच्या कडेला पिच्चर धडाधड उतरतो. डिंभे धरणाच्या मागे आहुप्याकडे, भीमाशंकरच्या वाटेवर किंवा जुन्नरच्या पश्चिमेला आपटाळ्याच्या पुढे गेलात की मोबाईल हातात धरून टेकाड गाठावं लागतं. अशा वाड्यांवर जुनी पद्धत मोडलीच नाही, फक्त कार्डाच्या जागी शेअरइट हे अॅप आलं. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरानं पिच्चर आणायचा आणि पारावर बसून दहा जणांना द्यायचा. 29 जून 2020ला सरकारनं जी एकोणसाठ चिनी अॅप बंद केली त्यात शेअरइट होतं, झेंडरही होतं. आता क्विक शेअर वापरतात, पण तोंडी अजून “शेअरइट कर” हेच आहे.

आणि जिथे रेंज आहे तिथेही हिशेब करून बघा. रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा. चांगल्या प्रतीचा एक पिच्चर दोन-तीन जीबी खातो. शिवाय कंपनीच्या अॅपमध्ये ‘डाऊनलोड’ म्हणून जे उतरतं ते आपलं होत नाही. वर्गणी संपली की कुलूप. तुमच्या लग्नाचं शूटिंग, आजोबांची यात्रेतली बारी, गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन कुठल्याच कंपनीच्या अॅपवर नाही. ते आहे कपाटातल्या ओरखडलेल्या तबकडीवर किंवा फोटोग्राफरनं दिलेल्या पेनड्राइव्हवर. म्हणून कॉम्प्युटरवरून मोबाईलमध्ये व्हिडिओ टाकण्याचं हे शिळं वाटणारं कसब घरात एकाला तरी यायला हवं.

ते जमत नाही याची कारणं चार-दोनच असतात. केबल लावली आणि नुसतं चार्जिंग सुरू झालं, तर एक केबल बदलून बघा. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत माहितीच्या तारा नसतातच. केबल बरी असेल तर मोबाईलवर वरून खाली बोट ओढा, ‘यूएसबी’ची सूचना दिसेल, ती दाबून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा. मग कॉम्प्युटरवर मोबाईल उघडतो. कॉपी अर्ध्यात अडून ‘फाईल मोठी आहे’ म्हणत असेल, तर कार्डात जागा कमी असेलच असं नाही. बत्तीस जीबीपर्यंतची कार्डं बहुधा जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली येतात आणि त्यांत चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, कार्ड रिकामं असलं तरी. तबकडीत ‘डॅट’ नावाची फाईल दिसली आणि मोबाईलला ती कळेना, तर घाबरू नका, तो व्हीसीडीचाच व्हिडिओ आहे. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर ती चालवतो आणि एमपीफोरही करून देतो. आयफोनवाल्यांची वाट वेगळी आणि जरा वाकडी आहे. त्यांनी घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला धरावं. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे आंबेगावात तशी पोरं कमी नाहीत.

घाई करा असं सांगण्याचं कारण आहे. घरी लिहिलेल्या तबकडीवरचा रंगाचा थर काही वर्षांत खराब होतो. मेमरी कार्ड वापराविना ड्रॉवरमध्ये पडून राहिलं की त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो आणि एक दिवस मोबाईल विचारतो, ‘फॉरमॅट करायचं का?’ नव्या मोबाईलना कार्डाची खाचही नाहीशी होत चालली आहे, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपना तबकडीचा ड्राइव्ह नाही. 2010च्या आसपास दोन्ही तालुक्यांत जी मेमरी भरली गेली, त्यातलं साऊथचं डब गेलं तर कुणाचं अडणार नाही, ते पुन्हा मिळेल. त्या फोल्डरांतला तमाशा आणि बैलगाडा पुन्हा मिळणार नाही. सरकारी संग्रहालयानं तो कधी मागितला नाही आणि कार्ड भरणाऱ्या पोरांनी बहुतेक कॉम्प्युटर भंगारात दिले.

तेव्हा पाडव्याला गावी जाल तेव्हा कपाट उघडा. जुनी कार्डं, तबकड्या, बंद पडलेला नोकिया, सगळं बाहेर काढा. आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग मोबाईलमध्ये टाका, आणि एक प्रत वेगळ्या घरात, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवा. फाईलीला नाव देताना गाव, साल आणि यात्रा लिहा. ‘व्हिडिओ झिरो झिरो वन’वरून नातवाला काही कळायचं नाही. तमाशाचं जुनं शूटिंग सापडलं तर ते यूट्यूबवर टाकायच्या आधी नारायणगावच्या राहुट्यांत जा, तो फड शोधा आणि मालकाला विचारा. त्याला एक प्रतही द्या. त्याच्याकडे ती बहुधा नसेल.