न वाचता येणारी फ्लॉपी कोरी नसते

जुन्या होम कम्प्युटरच्या नादी लागलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं : वापरलेल्या फ्लॉप्यांचा गठ्ठा स्वस्तात उचल, फॉरमॅट मार, विषय संपला. मला या सल्ल्याचा राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो मी पाळला याचा.

मुळात गठ्ठा का लागतो ते सांगतो. १९८२च्या कमोडोर ६४ला, म्हणजे त्याच्या १५४१ ड्राइव्हला, सव्वापाच इंची ‘डबल डेन्सिटी’ फ्लॉपी लागते. ‘हाय डेन्सिटी’ चालत नाही. तिच्या चुंबकी लेपावर लिहायला साधारण दुप्पट ताकद लागते आणि तेवढी या ड्राइव्हच्या हेडमध्ये नाही. साडेतीन इंचीत हा फरक कमी आहे. म्हणून अमिगावाले हाय डेन्सिटी फ्लॉपीच्या जादा भोकावर चिकटपट्टी लावतात, पीसीच्या ड्राइव्हला ती डबल डेन्सिटी वाटावी म्हणून. अमिगा ५०० तर त्या भोकाकडे बघतही नाही. पट्टीने ड्राइव्ह फसतो, लेप बदलत नाही. आज फॉरमॅट झालेली अशी फ्लॉपी पुढे कधी दगा देईल याचा भरवसा नाही. याला जुगाड म्हणून मिरवू नका.

तर खरी डबल डेन्सिटीच हवी. सोनीसारख्या कंपनीने जपानमधली फ्लॉपीविक्री २०११मध्येच थांबवली. न वापरलेलं सीलबंद खोकं मिळालं तर उत्तम, पण ते महाग. मग हातात येते ती कुणाची तरी जुनी फ्लॉपी.

मला जुन्या बाजारात चाळीस फ्लॉप्यांचा डबा मिळाला होता. एकीच्या लेबलवर पुसट बॉलपेनने लिहिलं होतं, ‘कविता – फायनल’. ड्राइव्हमध्ये घातली. एरर आला. मला वाटलं, खराब किंवा रिकामी असणार. फॉरमॅटची आज्ञा दिली, दीड मिनिट खरखर झाली आणि काम फत्ते.

ती रिकामी नव्हती. पीसीवर लिहिलेली होती. पीसी आणि १५४१ यांची फ्लॉपीवर लिहायची पद्धतच वेगळी, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळत नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद कोरा समजून त्यावर वाण्याची यादी लिहावी, तसं मी केलं. अमिगावरही हेच होतं. पडद्यावर ‘एनडॉस’ दिसलं की लोक फॉरमॅट करून मोकळे होतात. त्याचा अर्थ एवढाच, की अमिगाच्या नेहमीच्या पद्धतीची ही डिस्क नाही. कितीतरी मूळ गेम डिस्कही अशाच दिसतात, कारण त्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेल्या असतात.

यावर लोक म्हणतात, कुणाचे तरी जुने हिशेब जपून काय करायचंय? कदाचित काहीच नाही. पण ते न वाचता ठरवणारे आपण कोण? आणि वेळेची सबब सांगू नका. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड यूएसबीला लावायचं, त्याला पीसीचा जुना ड्राइव्ह जोडायचा. फ्लॉपी कुठल्या मशीनवर लिहिलीय याची त्याला फिकीर नसते, ते लेपावरचे चुंबकी बदल जसेच्या तसे उतरवतं. एका फ्लॉपीला दोन-तीन मिनिटं लागतात. माझ्या डब्यातल्या चाळीस फ्लॉप्या, प्रत्येकी ३६० केबी, म्हणजे सगळा मजकूर १५ एमबीच्या आत. तुमच्या फोनवरचा एखादा फॉरवर्ड व्हिडिओ याहून मोठा असतो.

आधी खिडकीतून बुरशी तेवढी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच, आणि बुरशीची एक फ्लॉपी हेड खराब करून पुढच्या दहा फ्लॉप्यांची वाट लावते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग वाचा. वाचून झाल्यावर खुशाल फॉरमॅट करा.

नुसते गेमच खेळायचे असतील, तर मेमरी कार्डावरून किंवा पेनड्राइव्हवरून चालणारी फ्लॉपीची नक्कल मिळते. खरखर ऐकू येत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. ‘कविता – फायनल’वर आता विमानं पाडायचा गेम आहे, आणि तो लोड होताना खरखर अगदी अस्सल येते.