प्रवासी मोटारींच्या शर्यती : मोटार चाकणची, ट्रॅक तमिळनाडूचा

वाराणसी : फॉर्म्युला वन शर्यत झालेला देशातील एकमेव ट्रॅक, बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, उत्तर प्रदेशात आहे. तरीही वाराणसीच्या होतकरू चालकाला राष्ट्रीय मोटार शर्यतींसाठी प्रामुख्याने तमिळनाडूकडेच पाहावे लागते. यामागे सात दशकांचा इतिहास आहे.

रोजच्या वापरातील मोटारींच्या शर्यती चेन्नईजवळ शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर रुजल्या. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी ट्रॅक उभारला. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला. दक्षिणेत क्लब आधी आला, ट्रॅक नंतर. उत्तर प्रदेशात ट्रॅक आधी आला.

फोक्सवॅगनने २०१० मध्ये चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पोलोची स्वतंत्र मालिका सुरू केली. सर्वांना सारखीच मोटार मिळाल्याने चालकाच्या कौशल्याला महत्त्व आले. सुरुवातीच्या पोलो डिझेलवर धावत, हे त्या काळी नवलच. पुढे पोलोची जागा व्हेंटोने आणि व्हेंटोची अमियोने घेतली. मेख इथेच आहे : कंपनीला जी मोटार विकायची, तीच शर्यतीत उतरणार. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले.

सुमारे ५.१ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या. करांच्या वादाची त्यांना झळ बसली. थकबाकीच्या कारणावरून यमुना एक्सप्रेस-वे औद्योगिक विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये जेपी समूहाला दिलेल्या जमिनीचे वाटप रद्द केले. २०२३ मध्ये तेथे मोटोजीपी झाली, पण ती दुचाकींची.