टोळ्यांनी मागितले रस्त्यावरचे दिवे

लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात 'क्रिप्स' आणि 'ब्लड्स' या कृष्णवर्णीय पोरांच्या टोळ्या वर्षानुवर्षे एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. एप्रिल 1992 मध्ये त्यांच्यातील काहींनी तह केला. मसुदा बेतला होता 1949 च्या इजिप्त-इस्रायल युद्धविराम करारावर! ज्यांना अडाणी गुंड म्हटले जाते, त्यांची ही समज. पाठोपाठ 29 एप्रिलला रॉडनी किंगला झोडपणारे पोलीस न्यायालयातून सुटले आणि शहर पेटले.

दंगलीनंतर टोळ्यांच्या नावाने पुनर्बांधणीचा आराखडा पुढे आला. मागणी सुमारे 3.7 अब्ज डॉलर्सची. कशासाठी? रस्त्यावर दिवे, शाळांची दुरुस्ती, रुग्णालये. यात चैन कोणती? हा पैसा मिळाला नाही. पुनर्बांधणीची सूत्रे गेली पीटर युबेरॉथ यांच्या 'रिबिल्ड एलए'कडे, म्हणजे उद्योगपतींच्या मर्जीवर.

आम्हांला याचे नवल वाटत नाही. 1972 मध्ये दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, तिची लॉस एंजेलिस शाखा टोळीतूनच आलेल्या बंची कार्टरने उभारली होती. 1969 मध्ये त्याचा खून झाला. पँथर खिळखिळी केली गेली आणि त्या पोकळीत क्रिप्स फोफावली. वस्तीतला पोरगा संघटनेत आला की व्यवस्थेला खुपतो; टोळीत राहिला तर त्याच्यासाठी तुरुंग तयारच असतो.

वॉट्समधला तह पुढे काही वर्षे टिकला. कबूल केलेल्या नोकऱ्या मात्र तितक्या आल्याच नाहीत, आणि 1997 मध्ये 'रिबिल्ड एलए'नेही गाशा गुंडाळला.