कुलपातून हरवलेलं हसू

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून फार तर फळी आडवी लावतात. २०११ साली युको बँकेनं इथं शाखा उघडली, तीही बिनकुलपाची. राखणदार एकच, चौथऱ्यावरची काळी शिळा. तिच्याही डोक्यावर छप्पर नाही. साडेसातीला भिऊन भलेभले पुढारी तिला तेल वाहून जातात. खुर्चीवरचा विनोद मात्र त्यांना सोसत नाही. यंदाचा हा विनोद विशेषांक जुळवताना ध्यानात आलं, की असा विनोद उघड्यावरून सहसा जात नाही. तो जातो कुलपातून.

अमृत नाहटा काँग्रेसचेच खासदार. त्यांनी 'किस्सा कुर्सी का' काढला आणि १९७५ मध्ये तो सेन्सॉरकडे गेला. आणीबाणीत सरकारनं चित्रपट ताब्यात घेतला आणि मूळ रिळं नाहीशी झाली. ती गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्याचा खटला चालला. संजय गांधी आणि आणीबाणीतले माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांना १९७९ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. माणसं सुटली, रिळं काही परत आली नाहीत. नाहटांनी चित्रपट नव्यानं काढला. शबाना आझमींची मुकी 'जनता' प्रेक्षकांनी १९७८ मध्ये पाहिली, ती या दुसऱ्या चित्रपटात.

दर वेळी आणीबाणीच लागते असंही नाही. हुजूरपक्षाचा सासरा आणि डावा जावई यांची घरगुती जुंपाजुंपी दाखवणाऱ्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीनं स्वतःच पुसले. टेप महाग, म्हणून तिच्यावरच पुढचं चित्रण. मुंबई दूरदर्शनच्या जुन्या टेपांचीही हीच गत झाली. चोर आलाच नाही. कुंपणानंच शेत खाल्लं.

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचे किती अंक माळ्यांवर, वाचनालयांत, रद्दीच्या गठ्ठ्यांत अजून सापडतात! त्यांना पहारा कुणी दिला नव्हता. पण जे घरोघरी पांगलं, ते एका ट्रंकेत भरून नेता येत नाही.

म्हणून एवढंच मागणं: हा अंक कपाटात ठेवू नका. वाचून झाला की शेजारी द्या, आणि परत मागू नका.



— संपादक