सांगोल्याला बालेकिल्ला म्हणू नका

निवडणूक आली की सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाबद्दल एक वाक्य हमखास छापून येतं: हा शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, बालेकिल्ला. पुरावा म्हणून त्या पक्षाच्या गणपतराव देशमुखांचे अकरा विजय मांडले जातात. 1962 साली ते पहिल्यांदा निवडून आले, 2014 साली अकराव्यांदा. आकडा खराच आहे. पण त्यावरून इथला मतदार सवयीनं, भक्तीनं नाहीतर जातीनं मत देतो असं जे ठरवून टाकलं जातं, ते साफ चूक आहे. सांगोलेकरांवर तो अन्यायही आहे.

असं ठरवणाऱ्या मंडळींनी गणपतरावांच्या पराभवांची वर्षं वाचलेलीच नाहीत. 1972 साली राज्यभर काँग्रेसची लाट होती आणि सांगोल्यानं गणपतरावांना घरी बसवलं. 1974 च्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना परत बोलावलं. 1980 साली पुन्हा काँग्रेसचीच लाट आली, तेव्हा मात्र सांगोला तिच्याबरोबर वाहून गेला नाही. सवयीचा गुलाम असा वागतो का?

1995 तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. कृष्णेचं पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून पाणी चळवळीतल्या नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतराव तेव्हा झटत होते. पाण्यासाठी झगडणाऱ्या आमदाराला माणदेशातल्या या दुष्काळी तालुक्यातला माणूस डोळे झाकून मत देईल, असंच कुणालाही वाटलं असतं. निकाल लागला तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी शहाजीबापू पाटील 192 मतांनी पुढे होते. एवढ्या मतांचा फरक एखाद्या वस्तीवरही पडतो. पुढे 1999 पासून गणपतराव सलग चार वेळा निवडून आले, पण ती चारही वेळची मतं नव्यानं मागून मिळवलेली होती.

राहिला जातीचा मुद्दा. गणपतरावांचा धनगर समाज इथे मोठा आहे आणि त्याच्या पाठबळाशिवाय शेकापसारखा लहान पक्ष इतकी वर्षं तग धरू शकला नसता, हे मी मान्य करतो. पण गावांची जातवार संख्या पाच वर्षांत पालटत नाही, निकाल मात्र पालटला. 2019 साली वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. समाज तोच, पक्ष तोच, आडनावही तेच. तरी शहाजीबापू 768 मतांनी जिंकले. जात हेच सगळ्याचं उत्तर असेल, तर या 768 मतांचं काय करायचं?

2024 साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख जिंकले, तेव्हा घराणेशाहीची ओरड झाली. लढत तिरंगी होती आणि मतविभागणीचा हात त्या निकालात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या घराला पाच वर्षांपूर्वी नाही म्हणून झालं होतं, त्याच घराला या वेळी हो म्हटलं गेलं. घराणेशाहीत नाही म्हणायची सोय नसते.

किल्ल्याला तटबंदी लागते, दरवाजे लागतात. सांगोल्यात मला दिसते ती कोरडवाहू शेतकऱ्याची नजर. पेरलेलं उगवलं की नाही, हे तो दर हंगामाला स्वतः बांधावर जाऊन बघतो. गणपतरावांनाही हे पुरतं ठाऊक असणार. 192 मतांनी हरलेला माणूस पुढच्या निवडणुकीत त्याच गावांत, त्याच दारांवर मत मागायला गेला होता.