गोळीनंतरची जबाबदारी

उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही जन्मभराची दुखणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची तपासणी काही मिनिटांत होते. उपचार मात्र रुग्णाच्या घरात वर्षानुवर्षे चालतात. गोळी रोज घेतली जाते का, मशेरी सुटली का, ताटात मीठ किती पडते, यावर उद्याचा अर्धांगवायू किंवा हृदयविकार टळणार की नाही हे बरेचसे अवलंबून असते. नेमका हाच भाग आपल्या व्यवस्थेने रुग्णाच्या नशिबावर सोडला आहे. इंग्लंड-अमेरिकेतील प्राथमिक आरोग्यसेवेत हे काम ‘हेल्थ कोच’ करतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी त्यासाठी नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. आशा सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांनाच या कामाचे रीतसर शिक्षण आणि त्याचा मोबदला द्यावा, असे आमचे ठाम मत आहे.

पाया तयार आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत सातारा होता. ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा सलग पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची सूत्रे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पण औषध गावापर्यंत पोहोचले म्हणजे ते पोटात गेलेच असे नाही. रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून ‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ असे म्हणत ती बंद होते. माण-खटाव किंवा जत-आटपाडीतून कामासाठी बाहेरगावी गेलेल्याची गोळी तिथेच तुटते. अशा माणसाला ‘मीठ कमी करा’ असे बजावून भागत नाही. घरात स्वयंपाक कोण करते, खर्डा, लोणचे, पापड, सुकट यांतले रोज काय लागते, त्यातले एक काय कमी करता येईल, हे त्याच्याच तोंडून काढून घ्यावे लागते. गोळी केव्हा आणि किती, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे लागते. पुढच्या भेटीत, न रागावता, त्याच ठरावाची विचारपूस करावी लागते. हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येते.

पुरावाही आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील गरीब वस्त्यांच्या दवाखान्यांत वैद्यकीय साहाय्यकांना ४० तासांचे प्रशिक्षण देऊन कोच केले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मधुमेहाचे उद्दिष्ट गाठणारे रुग्ण नेहमीच्या उपचारांत सुमारे २८ टक्के, तर कोच लाभलेल्यांत ४९ टक्के होते. रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरोघरी रक्तदाब मोजला, समजावले, गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिले गेले. २,६४५ जणांच्या त्या अभ्यासात, २०२० च्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनी वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे पाच अंकांनी अधिक उतरला. आमच्या मते यातला धडा असा की, संवादाला डॉक्टर आणि औषधाची साखळी जोडलेली हवी.

प्रशिक्षणाचा धडा तर महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. जामखेडमध्ये १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, तेही एका शिबिरात नव्हे, तर वारंवार एकत्र बसवून, गावातल्या खऱ्या रुग्णांवर चर्चा करून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील आरोग्यदूतांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. तेव्हा तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून उरकलेल्या प्रशिक्षणावर समाधान मानणे योग्य नाही. संवादाचा प्रत्यक्ष सराव, अनुभवी व्यक्तीसोबत गृहभेटी आणि दर महिन्याला अडलेल्या रुग्णांचा आढावा, असा वर्षभराचा क्रम हवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांनी तो आखावा.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. २०२३-२४ मधील त्यांचे संप मोबदल्यासाठीच होते. म्हणून हे काम फुकटचे ओझे म्हणून लादले जाता कामा नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या जोखमीची प्रश्नावली, भरण्याला मोबदला आहे; तसाच तो रुग्णाला उपचारात टिकवून धरण्यालाही पुरेसा हवा आणि अनावश्यक नोंदवह्या कमी व्हायला हव्यात. आधी डॉक्टर नेमा, असेही म्हटले जाईल. ती मागणी रास्तच आहे. पण डॉक्टर आले तरी महिन्यातल्या एका भेटीनंतर उरलेल्या एकोणतीस दिवसांचा प्रश्न तसाच राहतो. रुग्णालाच दोषी ठरवण्याची वाट यातून मोकळी होईल, ही भीती अधिक गंभीर आहे. त्यामुळे औषधाचा तुटवडा आणि केंद्राचे अंतर यांची तक्रार वर पोहोचवणे हेही कोचचे काम मानले जावे.

सुरुवात पाटणसारख्या डोंगरी आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यात करावी. वर्षअखेरीस किती फॉर्म भरले हे न मोजता, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला आणि किती जणांची गोळी सुटली नाही, हे मोजून आकडे जाहीर करावेत. दोन्ही जिल्हा परिषदांनी येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद करावी. अर्धांगवायूने घरातला कर्ता माणूस पडल्यावर कुटुंबाला मोजावी लागणारी किंमत या खर्चाहून कितीतरी मोठी आहे.